कथील की शिसं? वितळवण्याआधी ओळखून घ्या

आजीची पितळी पातेली कल्हईला काढायची होती. कल्हईवाल्याने सांगितलं, "कथील तुम्हीच आणा, मग पुढं शंका नको." म्हणून पेठेतल्या एका दुकानातून पाव किलोची कांडी आणली. पिशवी हातात घेतल्यावरच खटकलं. गळाला लावायची वजनं मी घरामागच्या पडवीत स्वतः ओततो, त्यामुळे शिशाचा भार हाताला ठाऊक आहे. ती कांडी पाव किलोच्या मानाने फारच बारकी होती. जुन्या बिलाच्या पाठीवर ओढून पाहिली तर शिसपेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. हाही नावाचाच घोळ.)

हा घोळ आजचा नाही. रोमन लोक शिशाला काळं शिसं आणि कथलाला पांढरं शिसं म्हणत. आपल्याकडे मात्र नावं पहिल्यापासून वेगळी: शिसं म्हणजे सीस किंवा नाग, कथील म्हणजे त्रपु किंवा वंग. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली, आणि कथील आपल्या पातेल्यांच्या आत जाऊन बसलं. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं, ते कथलाच्या पातळ थरावर कळकत नाही. म्हणजे एक धातू अन्नाला वाचवायला लावायचा, आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा अन्नाच्या आसपासही फिरकू द्यायचा नाही. पुन्हा कथील शिशापेक्षा कितीतरी पट महाग, तेव्हा भेसळ कोणत्या दिशेने होणार हे सांगायला नको.

ओळखायचं कसं? ताजा काप घेतला की दोन्ही चकाकतात. शिशाची चकाकी निळसर असते आणि हवेत लवकर मळते, कथील बराच काळ चंदेरी पांढरं राहतं. शिशावर नखाचा ओरखडा उठतो. कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर आतून करकर ऐकू येते. वाकताना आतल्या स्फटिकांची रचना झटक्याने बदलते त्याचा तो आवाज. शिसं मुकाट वाकतं. पण या साऱ्या खुणा शुद्ध मालाच्या. मिश्रण असेल तर त्या अर्ध्यामुर्ध्या मिळतात आणि माणूस आपल्याला हवा तो निष्कर्ष काढून मोकळा होतो.

त्यापेक्षा वजनकाटा बरा. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा. कांडीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल, पण बुडाला किंवा कडेला टेकणार नाही, अशी हातात धरायची. काटा आता जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढं पाणी कांडीने बाजूला सारलं. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, कथलाची ७.३ पट. म्हणून २५० ग्रॅमची कांडी शिशाची असेल तर काटा २२ च्या आसपास थांबतो, कथलाची असेल तर ३४ च्या. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं असलेल्या डाख द्यायच्या सोल्डरचा आकडा २९ च्या जवळ येतो. माझ्या कांडीने २४ दाखवले. म्हणजे शिसंच, चवीपुरतं कथील घातलेलं! परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "सगळे हेच नेतात." याचीच भीती वाटली.

या चाचणीची मर्यादाही सांगतो. पाच टक्के शिसं मिसळलेलं असेल तर घरगुती काट्यावर ते कळणार नाही, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो. चाचणीत नापास झालेली कांडी नक्की टाकाऊ, पण पास झालेली कांडी शुद्धच असेल असं नाही. कल्हईसाठी खात्री हवी असेल तर शुद्धतेचा दाखला असलेलं कथील घ्यावं किंवा एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून आणावं.

आता आगीजवळ जाऊ. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं ३२७ ला. दोन्ही साध्या शेगडीवर होण्यासारखं आहे, आणि म्हणूनच लोक बेसावध असतात. कल्हईच्या वेळी भांड्यातून पांढऱ्या धुराचा लोट उठतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. तो धूर कथलाचा नसून कल्हई चढावी म्हणून भांड्यात टाकतात त्या नवसागराचा असतो. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून बसलं की बराचसा टळतो. शिशाच्या कढईतून असं काही दिसत नाही. वितळलेलं शिसं आरशासारखं शांत असतं, म्हणून ते निरुपद्रवी वाटतं. ते उकळतं १७४९ अंशांना, त्यामुळे ३५०-४०० अंशांच्या आत ठेवलं तर वाफ फारच थोडी होते हे खरं. धोका वाफेपेक्षा वर जमणाऱ्या राखाडी सायीत आहे. ती साय म्हणजे शिशाचं ऑक्साइड. काढताना तिची भुकटी होते, हाताला आणि सदऱ्याला लागते, तिथून चहाच्या कपाला, बिडीला, पोराच्या गालाला. कथलाचं भय भट्टी विझली की संपतं, शिशाचं त्यानंतर सुरू होतं.

मुलांच्या रक्तात शिशाचं अमुक प्रमाण सुरक्षित, अशी मर्यादाच ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल आणि पोटातलं बाळ यांना सर्वांत मोठा फटका बसतो, तोही मेंदूला. म्हणून घरात गरोदर बाई किंवा रांगतं मूल असेल तर शिसं घरी ओतूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्यांनीही स्वयंपाकघरात, बंद खोलीत किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग करू नये. उघडी पडवी हवी. भांडं बिडाचं किंवा जाड लोखंडाचं घ्यावं, ॲल्युमिनियमचं कधीच नको. ते भांडं आणि ती पळी पुन्हा रांधायला आणायची नाहीत. अंगात सुती कपडे, पायात बंद चामडी बूट, डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी मोजे. काम चालू असताना खाणं, पिणं, तंबाखू बंद. काम झाल्यावर केरसुणी मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. साबणाने हात-तोंड धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे. तोंडावर फडकं बांधून "काळजी घेतली" म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. शिसं बहुतेक वेळा बोटांवरून पोटात जातं.

पाण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही धातू सारखेच निर्दय. वितळलेल्या धातूखाली पाण्याचा थेंब सापडला की त्याची क्षणात वाफ होते, आकारमान सोळाशे पटींच्या वर जातं आणि कढईतला रस उडून तोंडावर येतो. पाऊस खाल्लेला तुकडा, ओलसर साचा, गार पळीवर जमलेलं दव, एवढंही पुरतं. म्हणून तुकडे थंड कढईतच टाकून मग आच लावायची, रसात नवा तुकडा सोडायचा नाही. साचा आणि पळी आधी तापवून घ्यायची. आग लागलीच तर पाणी ओतायचं नाही, कोरडी वाळू जवळ ठेवायची. कोकणातल्या पावसाळी हवेत मी ओतकाम करतच नाही.

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढणारे भेटतात. हे अजिबात करू नये. आत आम्ल असतं, आणि पट्ट्यांमधल्या आर्सेनिक-अँटिमनीमुळे त्या वितळवताना वर येणारी मळी ओली झाली की अतिविषारी वायू निघू शकतात.

अमेरिकेत निशाणबाजीचा नाद असलेले बरेच लोक बंदुकीच्या गोळ्या घरीच ओततात. तिथे हे दोन धातू मुद्दाम एकत्र येतात: शिशात थोडं कथील घातलं की रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो, आणि कडकपणासाठी अँटिमनी. गळाच्या वजनाला यातलं काहीच लागत नाही, मऊ शिसंच बरं, दोऱ्यावर दाबून बसतं. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ती हौस इथे आणू नये.

गळाच्या वजनांचाही हिशेब साधा नाही. ब्रिटनमध्ये हंस शिशाची बारकी वजनं गिळून मरू लागले, म्हणून १९८७ पासून तिथे ठरावीक आकाराच्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. मी आता खडकाळ जागी, जिथे वजन हमखास अडकून तुटतं, तिथे दगड बांधतो. वाळूत अजून शिसंच वापरतो.

ती २४ ग्रॅमवाली कांडी फेकली नाही. तिच्यावर छिन्नीने "शि" कोरून पडवीतल्या शिशाच्या डब्यात टाकली. कल्हईसाठी दुसरीकडून दाखला असलेलं कथील आणलं. त्या कांडीवर "क" कोरला आणि ती पडवीत न ठेवता घरात, आजीच्या पातेल्यांच्याच फळीवर ठेवली.