जुनं इंजिन आणि वरून ओतलेली बाटली

गेल्या वर्षी चवथीला आठ दिवस उरले असताना वडिलांची मारुती 800 सकाळी चालू केली की निळा धूर, म्हणजे आत जळणाऱ्या ऑइलचा धूर, सोडू लागली. गाडी 1997 सालची. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान घेऊन फोंड्याहून पेडण्याला मूळ घरी जायचं होतं. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने एक छोटी बाटली पुढे केली. ‘ऑइलात ओता, धूर बंद, आवाज बंद, ॲव्हरेजही वाढेल.’ वडील पैसे काढत होते. मी त्यांचा हात धरला. जुन्या गाडीवर जीव असलेली कितीतरी माणसं असाच खिशात हात घालतात, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपण विकत घेतो त्या इंजिन ऑइलच्या डब्यात नुसतं तेल नसतं. 10 ते 20 टक्क्यांच्या आसपास रसायनंच असतात. काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, फेस मोडणारी, गंज रोखणारी, झीज थांबवणारी. बाटलीत जे विकतात, त्यातलं बरंचसं डब्यात आधीच मोजूनमापून घातलेलं आहे.

तेल नेमकं काय करतं, हे कळण्याची गोष्टही सुरेख आहे. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगवर, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात बसतो त्या भागावर, प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगला वरून एक भोक पाडलं, तर त्यातून तेल उसळून बाहेर येऊ लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून आत कोंबतो, त्याचा दाब वाढतो आणि दांडा त्या तेलावर तरंगतो. 1886 साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. भर पावसात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायर रस्ता सोडतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, तेव्हा घडतं ते हेच. रस्त्यावर जीवघेणं ठरणारं हे तरंगणं इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, बेअरिंगला वाचवतं. इंजिनाने वेग घेतला की धातू धातूला लागतच नाही, मग वरून ओतलेलं औषध तिथे झीज कमी करणार कुठली?

व्हॉल्व उघडणाऱ्या कॅम आणि टॅपेट या भागांची गोष्ट वेगळी. तिथे दाब इतका, की तेलाचा थर फाटतो आणि धातूचे उंचवटे एकमेकांना घासतात. तिथे झेडडीडीपी हे जस्त, फॉस्फरस आणि गंधक असलेलं रसायन कामाला येतं. घासण्याच्या जागी उष्णता आणि दाब वाढला की ते मोडतं आणि धातूवर काचेसारखा थर बसवतं. जाडी केसाच्या सुमारे सातशेव्या भागाइतकी. धातूऐवजी तो थर झिजतो, पुन्हा बसतो, पुन्हा झिजतो. असं करत करत रसायन संपत जातं. ऑइल वेळेवर बदलण्याचं हे एक मोठं कारण.

आता यात आणखी एक बाटली ओतली तर? धातूचा पृष्ठभाग आहे तेवढाच आहे. झीज थांबवणारं रसायन, मळ सोडवणारं, गंज रोखणारं, सगळी त्याच जागेसाठी धडपडतात. ऑइल बनवणाऱ्याने त्यांचं प्रमाण इंजिन तासन्‌तास चालवून ठरवलेलं असतं. वरून एकाचा लोंढा आला की दुसऱ्याला जागा उरत नाही. फॉस्फरस वाढला की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही हळूहळू निकामी होतो. आमटीत मीठ बरोबर असताना वरून मूठभर घालावं, तसं हे आहे.

टेफ्लॉनच्या बाटल्यांबद्दल मी ठामपणे नकोच म्हणेन. तव्यावर टेफ्लॉन बसवताना स्वच्छ केलेला धातू सव्वातीनशे अंशांहून जास्त तापवावा लागतो. इंजिनातलं तेल साधारण शंभराच्या आसपास असतं. सकाळी गाडी चालू करताना इंजिनाला संरक्षणच नसतं, अशी भीती घालणाऱ्या एका मोठ्या ब्रँडला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 1996 साली हटकलं आणि पुढच्या वर्षी कंपनीला ते दावे थांबवावे लागले. आदल्या दिवशीचं तेल धातूवर टिकलेलं असतं.

मग बाटली ओतल्यावर धूर कमी झाल्याचं लोक सांगतात, ते खोटं का? नाही. त्यातल्या पुष्कळ बाटल्यांत लांबच लांब रेणू असतात, त्यांनी तेल घट्ट होतं आणि फटीतून कमी झिरपतं. पण गिअर आणि बेअरिंगमध्ये चिरडून हे रेणू तुटतात, तेल पुन्हा पातळ होतं. दुखणं तिथेच. हाच गुण नव्या डब्यातून मिळतो. गाडीच्या पुस्तिकेत चालत असेल तर 20डब्ल्यू-40 सारखा घट्ट ग्रेड वापरावा. पहिला आकडा कडाक्याच्या थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, आणि तशी थंडी गोव्यात पडत नाही.

गोव्यातल्या जुन्या गाड्यांचा खरा त्रास मला वेगळाच वाटतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून खाली तेलात उतरते. घरून बाजार आणि बाजारातून घर एवढंच गाडी फिरली, तर तेल पुरतं तापत नाही आणि पाणी आतच राहतं. पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर खाली लोण्यासारखा पिवळट थर दिसतो, तो हाच. पंधरवड्यातून एकदा फोंड्याहून म्हापशापर्यंत गाडी नेऊन आणावी. तरीही थर राहिला, किंवा रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं पॅकिंग, तपासायला हवं.

आमच्या गाडीचा धूर रात्रभर उभी राहिल्यावरच यायचा आणि मिनिटभरात थांबायचा. रिंगा गेल्या असत्या तर चढावर ॲक्सिलरेटर दाबतानाही आला असता. म्हणजे दोष व्हॉल्व सीलचा, व्हॉल्वच्या दांड्यावरून तेल खाली गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचा. रबर थोडंच कडक झालं असेल तर ते फुगवून मऊ करणारी बाटली मिळते, आणि तेवढ्या एका कामाला बाटलीचा उपयोग होऊ शकतो, हे मान्य करायला हवं. तडा गेलेल्या सीलला मात्र ती काही करू शकत नाही. मेकॅनिकने जुनी सीलं काढून हातावर ठेवली. नव्या सीलात नख रुततं, ही चिंचोक्यासारखी वाजली, दोन तर उभी चिरलेली होती.

सीलं बदलली, ऑइल आणि फिल्टर बदलला, चवथीला गाडी पेडण्याला जाऊन आली. दर पहिल्या तारखेला वडील डिपस्टिक पुसून पातळी बघतात आणि कॅलेंडरवर लिहितात. आधी दोन महिन्यांत अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागायचं. शिमगा आला तरी पातळी वरच्या खुणेच्या जवळच होती.