चित्र किती फिरलं, हे मोजायचं कसं?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये ३ लाख ७५ हजार प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या. तीन वर्षांनी अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेने २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या. दोघांनीही ‘सीसी झिरो’ परवाना निवडला. म्हणजे चित्र घ्या, कापा, छापा, विका. विचारायला नको आणि कळवायलाही नको. निर्णय मोठ्या मनाचा आहे. पण कळवायचंच नाही म्हटल्यावर चित्र गेलं कुठे, हे संस्थेला समजणार कसं?

यावर ठरलेलं उत्तर असतं, ‘आमची चित्रं इतक्या कोटी वेळा पाहिली गेली.’ हा आकडा येतो कुठून ते पाहिलं की त्याचा दिमाख उतरतो. विकिपीडियापुरतं बोलायचं तर संस्थेची चित्रं ज्या ज्या लेखांत आहेत, त्या लेखांच्या पेज व्ह्यूजची बेरीज करणं हा रूढ मार्ग आहे. चित्र लेखाच्या तळाशी असलं आणि वाचक पहिला परिच्छेद वाचून निघून गेला, तरी चित्र ‘पाहिलं’ गेल्याची नोंद होते. ही लोकप्रियता लेखाची असते, चित्राची नव्हे. असा आकडा खुलाशाशिवाय अहवालात छापू नये, असं माझं ठाम मत आहे.

चित्राचा माग काढायचा तर त्याच्या प्रतीच शोधाव्या लागतात. फाइलचं नाव उपयोगाचं नाही. ते कोणीही बदलतो. फाइलच्या पोटात लिहिलेलं शीर्षक आणि संग्रहालयाचं नाव बरीच समाजमाध्यमं चित्र चढवतानाच पुसून टाकतात. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली एसएचए-२५६ सारखी गणिती ओळखही इथे चालत नाही, कारण एक पिक्सेल बदलला तरी तिचं उत्तर पार बदलतं. आपल्याला हवी ती ओळख अशी, की चित्र लहान केलं, उजळलं, पुन्हा जेपेगमध्ये साठवलं तरी ती जवळपास तशीच राहावी.

अशी ओळख देणारी ‘डी-हॅश’ ही पद्धत मला फार आवडते, कारण ती कागद-पेन्सिलीने करून पाहता येते. आधी चित्र कृष्णधवल करायचं. मग ते इतकं लहान करायचं की आडवे ९ आणि उभे ८ एवढेच चौकोन उरतील. प्रत्येक चौकोनाला उजेडाचा एक आकडा असतो, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. आता प्रत्येक ओळीत शेजारी-शेजारी तुलना करायची. उजवा चौकोन डाव्यापेक्षा उजळ असेल तर १, नसेल तर ०.

समजा एका ओळीतले आकडे आहेत ५२, ६१, ६०, ७५, ९०, ८८, ७०, ७०, ४१. तुलनेनंतर मिळतं १०११००००. कोणी चित्र उजळलं आणि सगळे आकडे २० ने वाढले, तरी कोण कोणापेक्षा उजळ हे बदलत नाही; उत्तर तेच. जेपेगच्या दाबणीत ६० चे ६२ झाले तर मिळेल ११११००००, म्हणजे फक्त एक अंक फिरला. आठ ओळींचे मिळून ६४ अंक, हा झाला चित्राचा ठसा. दोन ठशांत किती जागी फरक आहे ते मोजायचं, आणि तो १० किंवा त्याहून कमी असेल तर दोन्ही चित्रं एकच मानायची.

पण १० च का? दोन अगदी असंबंधित चित्रांचे अंक नाणेफेकीसारखे पडले असं धरू. मग सरासरी ३२ जागी फरक येईल आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या आजूबाजूचा नेहमीचा पसारा, ४ असेल. फरक १० पर्यंत उतरण्याची शक्यता साधारण दहा कोटींत एक. निर्धास्त व्हावं असा हा आकडा आहे, पण तो एका जोडीचा आहे. सात लाख चित्रांचा संग्रह वेबवरच्या दहा लाख चित्रांशी ताडला तर जोड्या होतात सत्तर हजार कोटी, आणि नुसत्या योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या सुमारे ७,०००. शिवाय खऱ्या चित्रांचे अंक नाणेफेकीसारखे नसतातच. निसर्गचित्रात वर उजळ आकाश, व्यक्तिचित्रात गडद पार्श्वभूमीवर उजळ चेहरा. त्यामुळे खोट्या जुळण्या आणखी वाढतात. म्हणून फरकाचा उंबरठा (इथे १०) किती ठेवला आणि नमुन्यादाखल किती जुळण्या माणसाने डोळ्यांनी तपासल्या, हे सांगितल्याशिवाय पुनर्वापराचा आकडा पुरा होत नाही.

चित्र आरशासारखं उलटं केलं किंवा त्याचा एक कोपराच कापून वापरला तर डी-हॅश हरतो. कापलेल्या चित्रासाठी ठळक बिंदू ओळखणाऱ्या, संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड लो यांच्या १९९९ च्या ‘सिफ्ट’सारख्या पद्धती लागतात. कापलेल्या तुकड्यातही त्यांना पुरेसे बिंदू सापडू शकतात, मात्र गणित बरंच जड होतं.

ठशाची आणखी एक मर्यादा त्याच्या गुणातूनच येते. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमला डच चित्रकार व्हर्मीरच्या ‘मिल्कमेड’ या चित्राच्या दहा हजारांहून अधिक प्रती वेबवर आढळल्या होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पिवळट होत्या. संग्रहालयाच्या दुकानातलं पोस्टकार्ड मूळ चित्राचं आहे, यावर लोकांचा विश्वास बसेना! युरोपियाना या संस्थेने २०११ मध्ये हा किस्सा प्रसिद्ध केला. उत्तम दर्जाची प्रत खुली करणं हाच संग्रहालयाला त्यावरचा उपाय वाटला. आता डी-हॅश पहिल्याच पायरीला रंग टाकून देतो, त्यामुळे पिवळट आणि अस्सल प्रतींचे ठसे जवळजवळ सारखेच येणार. अस्सल प्रतीने पिवळीला मागे टाकलं का, हे जाणून घ्यायचं तर ठशाने प्रती गोळा करून त्यांचे रंग वेगळे मोजायला हवेत.

आणि प्रत सापडली म्हणजे उपयोग झाला असंही नाही. धूमकेतूचं एखादं जुनं खोदचित्र ‘अमुक तारखेला प्रलय’ अशा मजकुरासह लाखोंना पुढे ढकललं गेलं, तरी ठशाच्या हिशेबात तो पुनर्वापरच. धूमकेतू ठरलेल्या कक्षेत फिरतात, त्यांच्यामुळे कोणाचं भाग्य फिरत नाही, हे चित्राखाली लिहिणारा शिक्षकही त्याच रकान्यात मोजला जातो. या दोघांना वेगळं करायचं तर ती पानं कोणीतरी वाचायलाच हवीत.

कापडावर, भिंतीवर किंवा कपाटाच्या दारावर छापलेलं चित्र तर कुठल्याच शोधयंत्राला दिसत नाही, जोवर कोणी त्याचा फोटो वेबवर टाकत नाही. राइक्सम्युझियमच्या एका उपक्रमातून मात्र वेगळी वाट दिसते. संग्रहातल्या चित्रांवरून केलेल्या नव्या कलाकृतींसाठी त्यांनी ‘राइक्सस्टुडिओ पुरस्कार’ ठेवला, त्यामुळे चित्र वापरणारे आपण काय केलं ते स्वतःहून कळवू लागले.