शॉकअप ‘ओरिजिनल’ म्हणजे नेमका कुणाचा?

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या गॅरेजवाल्याला मान वर करायला वेळ नसतो. दोन महिन्यांच्या पावसाने रस्ते खाल्लेले असतात, सणाला गावच्या घरी पोचायचं असतं आणि पुढच्या चाकाखालची खडखड नेमकी तेव्हाच सगळ्यांच्या कानावर येते. सांध्यातला रबरी बुश गेलेला असतो, लिंक रॉड ढिला असतो, नाहीतर खड्ड्यांचे हिसके झेलणारा शॉकअप गळत असतो. मग ठरलेला प्रश्न येतो: ‘ओरिजिनल घालूया की बाजारचा?’ यातला ‘ओरिजिनल’ हा शब्द गेल्या साठ-सत्तर वर्षांत वेळोवेळी अर्थ बदलत आला आहे.

पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत, भारताची नाकेबंदी चालू असतानाही, खाणीच्या पैशावर मुरगावच्या बंदरात युरोपातल्या गाड्या उतरत होत्या. तेव्हा ओरिजिनल म्हणजे बोटीतून आलेला. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती वाट आयातबंदीने बंद झाली, गाड्या मात्र राहिल्या. टॅक्सी म्हणून धावणाऱ्या मर्सिडीज तर पुढे कित्येक वर्षं दिसत. त्यांना लागणारा माल दुकानात नव्हताच, तेव्हा निवडीचा प्रश्नही नव्हता. लेथवर उतरवून घ्यायचं किंवा दुसऱ्या गाडीचं बसवायचं. अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीच्या काळातही फार फरक पडला नाही. मागच्या चाकांवर पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत. पाट्याचं एक पान तुटलं की तेवढंच बदलायचं, आणि ते कुठल्या खोक्यातून आलं हे विचारायची रीत नव्हती.

खोकं महत्त्वाचं झालं ते मारुतीपासून. १९८३ च्या डिसेंबरात ८०० बाजारात आली, पुढच्या चाकांना स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेले खांब आले आणि गाडीबरोबर अधिकृत सर्व्हिस सेंटर, छापील किंमत, कंपनीच्या नावाचं सीलबंद पाकीट अशी नवी व्यवस्था आली. ओरिजिनल म्हणजे ते पाकीट, हा दुसरा अर्थ. तो इतका घट्ट बसला की पाकिटात काय आहे यापेक्षा पाकीट कुणाचं हे आधी पाहिलं जाऊ लागलं.

खरा गुंता इथेच आहे. शॉकअप गाडीची कंपनी सहसा बनवत नाही. ते नाशिक, चाकण अशा ठिकाणचे कारखाने बनवतात. तोच कारखाना एक माल गाडीच्या जुळणीला पाठवतो, दुसरा गाडीच्या कंपनीच्या पाकिटात घालतो आणि तिसरा स्वतःच्या नावाच्या खोक्यात घालून बाजारात सोडतो. या तिसऱ्याला दुकानदार ‘ओईएम’ म्हणतो. उद्योगाच्या भाषेत मात्र ओईएम (ओरिजिनल इक्विपमेंट मॅन्युफॅक्चरर) म्हणजे खुद्द गाडी बनवणारी कंपनी. म्हणजे काउंटरवर हा शब्द उलटा होऊन आला आहे, आणि दोन्हीकडची माणसं तो बिनधास्त वापरतात. त्याच्या खाली ‘लोकल’, म्हणजे कधी न ऐकलेल्या नावाचा पण उघडपणे त्याच नावाने विकलेला माल. आणि सगळ्यांत खाली ‘डुप्लिकेट’, म्हणजे दुसऱ्याचं नाव छापलेली चोरी. कंपन्यांच्या जाहिराती या तिन्हींना ‘नकली’च्या एकाच पोत्यात भरतात. ते सोयीचं आहे, प्रामाणिक नाही.

वाद चिघळला तो कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या त्या तिसऱ्या खोक्यावरून. २०११ मध्ये एका ग्राहकाने बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या देशाच्या स्पर्धा नियामकाकडे तक्रार केली. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही, हे त्या तक्रारीचं सार. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. कंपन्यांचा युक्तिवाद होता की आराखडा आमचा, साचे आमचे, म्हणून पुरवठादाराने तो भाग परस्पर विकायचा नाही. तो मान्य झाला नाही. आदेशात दोन गोष्टी गॅरेजवाल्यांच्या कामाच्या होत्या: पुरवठादाराला खुल्या बाजारात विकायला अडवू नका, आणि केवळ बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नका. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे नुकसान झालं असेल, तर तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. पुढे प्रकरण अपिलांत गेलं. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांपुरता निष्कर्ष कायम ठेवला, पण दंड एकूण उलाढालीवर न लावता सुट्या भागांच्या उलाढालीवर लावला. म्हणजे आकडा उतरला, दोष राहिला. बाकी काही कंपन्या उच्च न्यायालयात गेल्या. वॉरंटीचं ते वाक्य मात्र आजही फारच थोड्या गाडीमालकांना माहीत आहे. काउंटरवरचा मुलगा ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ असं म्हणतो आणि आपण मान हलवतो.

२०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी, म्हणजे घेतलेली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घेता यावी यासाठी, समिती नेमली, तिच्या यादीत मोटारीही होत्या.

सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांचे हिसके झेलणाऱ्या या सगळ्या भागांच्या बाबतीत निवड भावापेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अडते. लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताचा बुश गेला, तर सर्व्हिस सेंटर बहुधा अख्खा आर्मच बदलतं, चाक वळू देणाऱ्या गोल सांध्यासकट, म्हणजे बॉल जॉइंटसकट. बाहेरच्या दुकानात बुश सुटा मिळतो आणि प्रेसवर दाबून बसवता येतो. बॉल जॉइंटही तसाच: कारखान्यातून आलेल्या आर्मवर तो अनेकदा रिव्हेटने ठोकलेला असतो, तर बाजारातला नट-बोल्ट घेऊन येतो. अशा वेळी सुट्या बुशाची तुलना अख्ख्या आर्मशी होते, आणि भावातली तफावत लोक ‘ओरिजिनल महाग’ या खात्यावर टाकतात. त्यातला मोठा भाग खरं तर न बिघडलेल्या लोखंडाचा असतो.

लोकल रबराची बाजू मात्र मला घेता येणार नाही. बुशाच्या रबराचा कडकपणा हाताने दाबून कळत नाही. तो कमी-जास्त असला की काही महिन्यांतच खडखड परत येते आणि मजुरी दुसऱ्यांदा जाते. त्यात आपल्याकडची खारी हवा, फेरीबोटीवर उडणारं पाणी आणि चिऱ्याची लाल धूळ. स्प्रिंगची खालची बैठक गंजते ती आधी किनाऱ्यावरच्या गाड्यांची. पातळ क्रोम मुलाम्याच्या स्वस्त शॉकअपचा दांडा एका पावसाळ्यात पुटकुळ्या धरतो आणि मग सील कापलं जातं. अपघाताच्या विम्यातही रबराला मान नाही: साध्या पॉलिसीत रबरी भागाची निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात, पाकीट कुणाचंही असो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. उतार कंपनीच्या पाकिटाला आणि बाजारच्या खोक्याला सारखाच मिळाला, त्यामुळे दोघांतलं प्रमाण होतं तिथेच राहिलं. जुना शॉकअप उघडून, सील-तेल बदलून परत दिला जाणारा ‘रिकन’ माल या सगळ्याच्या बाहेर आहे. त्याला बिलच नसतं, तर कर कुठला उतरणार?