न्यायालयीन कार्यभारमापन

प्रत्येक प्रकारच्या प्रकरणाला न्यायाधीशाची किती मिनिटे लागतात हे मोजून पदसंख्या ठरवण्याची पद्धत. भारतात आधी लोकसंख्येचे माप चाले. दहा लाख लोकांमागे सुमारे साडेदहा न्यायाधीश आहेत, ते ५० असावेत, असे विधी आयोगाने १९८७ मध्ये सुचवले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच प्रमाण गाठण्यास सांगितले. पण इंदूरसारख्या व्यापारी शहरातले चेक बाउन्सचे खटले आणि झाबुआसारख्या आदिवासी जिल्ह्यातले काम डोकी मोजून कळत नाही.

मापनासाठी प्रकरणांचे गट पाडतात आणि काही आठवडे न्यायाधीश रोज वेळेची नोंद ठेवतात: जबानी, उलटतपास, युक्तिवाद, चेंबरमधले निकाललेखन. त्यातून गटाचा भारांक, म्हणजे त्यातल्या एका प्रकरणाला लागणारी सरासरी मिनिटे, निघतो. समजा, वर्षाला ६,००० चेकची प्रकरणे (प्रत्येकी ४० मिनिटे), ५०० मालमत्ता-वाटपाचे दावे (६०० मिनिटे) आणि ३०० सत्र खटले (९०० मिनिटे) दाखल होतात. एकूण ८,१०,००० मिनिटे. वर्षाचे २३० दिवस, रोज ५ तास प्रकरणांसाठी, म्हणजे एका न्यायाधीशाची ६९,००० मिनिटे. भागाकार ११.७४, पदे १२. हे फक्त नव्या आवकीचे. तुंबलेली ४,१४,००० मिनिटे ३ वर्षांत उपसायची तर आणखी २ न्यायाधीश लागतील. तुंबलेले काम वार्षिक आवकीत मिसळले की सगळा हिशेब बिघडतो.

भारांक जपून ठरवावा लागतो. होळकरकालीन मोडी दस्त पुढे आला की लिप्यंतर, भाषांतर, त्यावर हरकती. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्याच्या वाटपाला म्हणून सरासरी अपुरी पडते. वकिलांच्या कामबंदचे किंवा दिवाळीच्या सुट्टीलगतचे आठवडे निवडले तर नोंद फसवी येते. वर्ग झालेले प्रकरण एका कोर्टात निकाली आणि दुसऱ्यात नवे म्हणून दोनदा मोजले जाते. नुसती पुढची पेशी (सुनावणीची तारीख) देण्याची ३ मिनिटे कोणी लिहीत नाही, पण अशा वीस पेशा म्हणजे एक तास.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. ओझ्याखाली दबलेला न्यायाधीश साक्ष आवरती घेतो, निकाल त्रोटक लिहितो. ती घाईच भारांक बनते आणि गरज कमी दिसते. म्हणून अनुभवी न्यायाधीशांना नोंदी दाखवून ‘नीट ऐकायला किती वेळ हवा?’ हे विचारून भारांक दुरुस्त करणे अत्यावश्यक आहे. विधी आयोगाच्या २४५ व्या अहवालाने (२०१४) वेळेची आकडेवारी नसल्याने निकाली काढण्याच्या दरावर हिशेब मांडला. त्यातही आजचा वेगच योग्य धरला जातो.

नुसत्या संख्येचे लक्ष्यही काम वाकवते. मध्य प्रदेशात प्रत्येक न्यायालयाने तीन महिन्यांत २५ जुनी प्रकरणे संपवावीत या योजनेविरुद्ध मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे वकील संपावर गेले होते. शिवाय पद मंजूर झाले तरी स्टेनो, रीडर (कोर्टातला कारकून), समन्स बजावणारा आणि बसायला कोर्टरूम नसेल, तर त्या न्यायाधीशाची ६९,००० मिनिटे कागदावरच राहतात.