वर्दीतल्या माणसाला ॲट्रॉसिटीची तक्रार करता येते का?

नागपुरात अनेक वर्षं एक मेसेज फिरतो आहे: ‘पोलीस शिपायाला आपल्याच साहेबाविरुद्ध जातिवाचक अपमानाची तक्रार करता येत नाही, आधी वरिष्ठांची परवानगी लागते.’

हा समज उगाच पसरलेला नाही. 1966 च्या एका कायद्याने पोलिसांच्या काही हक्कांवर खरंच बंधनं आणली. पण ती संघटना, राजकारण आणि वृत्तपत्रांशी बोलणं यांपुरती. अपमान निमूट सोसायचा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम 17 खाकीलाही लागू आहे.

आता 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा उघडून बघा. तक्रारदाराची नोकरी तो विचारतच नाही. तो विचारतो ते एवढंच: पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे का, आरोपी त्या बाहेरचा आहे का, आणि अपमान चारचौघांच्या देखत झाला का. शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. व्हेरायटी चौकात बंदोबस्तावर, लोकांसमोर, छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचून कुणी जातीवरून बोललं तर तो गुन्हा आहे. बंद केबिनमध्ये दोघंच असतील तर या कायद्यातलं अपमानाचं कलम टिकणं अवघड.

परवानगीचं म्हणाल तर 2018 साली याच कायद्यात आलेलं कलम 18अ वाचा. गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही, अटकेला मंजुरीही लागत नाही. शासनाच्या संकेतस्थळावर हा कायदा फुकट वाचता येतो. आणि तक्रार घ्यायची टाळाटाळ झाली तर कलम 4 दाखवा. जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्या, या जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाला त्यात किमान 6 महिने कैद आहे.