सहाव्या वर्षीच संशयित

वर्गात कुणाचं पेन हरवलं की आधी कुणाचं दप्तर उघडायचं, हे पारधी वस्तीजवळच्या शाळेत बरेचदा ठरलेलं असतं. ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं म्हणणाऱ्यांना ही समजूत परंपरेनं आलेली वाटते. पण तिला सरकारी शिक्का आहे आणि तारीखही: १२ ऑक्टोबर १८७१.

त्या दिवशी गुन्हेगार जमाती कायदा मंजूर झाला. सुताराचं पोर सुतार होतं, तसं चोराचं पोर चोर होणार, हा त्यामागचा तर्क. एखादी जमात एकदा ‘गुन्हेगार’ जाहीर झाली की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोयच नव्हती. आधी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये नव्यानं झाला आणि मुंबई इलाख्यातही लागू झाला.

यातला मुलांविषयीचा भाग फारसा कुणी वाचत नाही. १८९७ च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या वसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११ मध्ये खालची मर्यादा सहा वर्षं झाली. त्यालाच उदारपणा म्हणायचं असेल तर म्हणावं. मुलानं काही केलेलं असण्याची अट कुठेच नव्हती.

सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे या जमातींची सक्तीची वसाहत, उभी राहिली. आत कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी कुटुंबं. रोजची हजेरी, बाहेर जायला पास. शहरातल्या गिरण्यांना मजूरही इथूनच मिळत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त ठरल्या. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव सोलापुरात अजून आहे. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. हे कायदे व्यक्तीसाठी होते, पोलिसांची नजर मात्र जमातीवरच राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमावल्यांमधून जातीवर आधारलेल्या तरतुदी काढायला सांगावं लागलं. त्यांत विमुक्तांना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदीही होत्या.

पोरांपुढचे खरे प्रश्न वेगळेच आहेत. गावात चोरी झाली की वस्तीवरचे पुरुष उचलले जातात, उरलेले रातोरात पाल गुंडाळतात आणि शाळा सुटते ती सुटतेच. जन्म पालावर झालेला, त्यामुळे दाखला नाही. जातीच्या प्रमाणपत्रासाठी विमुक्तांना १९६१ पूर्वीच्या, तर अनुसूचित जमातीत असलेल्या पारध्यांना १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आज्यापणज्यांची रोज हजेरी मांडली, बोटांचे ठसे घेतले, त्यांनाच आता ‘तेव्हा कुठे राहत होता?’ असं विचारलं जातं. प्रमाणपत्र नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, वसतिगृह नाही.

विमुक्त-भटक्या जमातींसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगानं २००८ मध्ये अहवाल दिला, पुढे भिकूजी इदाते यांच्या आयोगानंही दिला. पण ज्या विमुक्त जमाती अनुसूचित याद्यांत नाहीत, त्यांची जातवार लोकसंख्या १९३१ नंतरच्या जनगणनांत आलेली नाही. त्यांची किती पोरं शाळेबाहेर आहेत, असं विचारलं तर सरकारकडून अंदाजच मिळतो.