माप द्यायला येताना आतले सगळे थर घेऊन या

अतिथंड प्रदेशातल्या मोहिमेसाठी आमच्याकडून बाहेरचे कपडे घेणाऱ्या ग्राहकांसाठी

परत आलेल्या पार्कासोबत (पार्का म्हणजे टोपडं असलेला जाड, उबदार कोट) जी चिठ्ठी असते, तिच्यावर बहुतेक वेळा एकच तक्रार असते: "घेताना अगदी बरोबर बसला होता, आता काखेत आवळतो आणि चेन गळ्यापर्यंत जात नाही."

घेताना आत एक टीशर्ट होता. मोहिमेवर आत थर्मल असतं, त्यावर फ्लीस, त्यावर पातळ भरणीचं जाकीट, त्यावर वारा अडवणारं कवच. कमरेला हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा पट्टा असतो, छातीशी आतल्या खिशात पाण्याची बाटली आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या असतात. माणूस तोच, पण छातीचा घेर सहज दहा-बारा सेंटिमीटर वाढलेला असतो. आणि जाड डाउनचा, म्हणजे बदक-हंसाच्या मऊ पिसांचा पार्का या सगळ्याच्या वरून चढवायचा असतो. तो चालताना घालायचा कपडाच नाही. थांबलात, तंबू ठोकायला लागलात, कुणाची तरी वाट बघत उभे राहिलात की पिशवीतून काढायचा आणि आतलं काहीही न उतरवता वरून अंगात घालायचा. आरशात रुबाबदार दिसणारा पार्का या कामाला उपयोगाचा नाही. आरशात तो ढगळच दिसला पाहिजे.

"थोडा सैल करून द्या ना" असं आम्हाला सांगितलं जातं. साधा कोट असता तर शिवणीतली माया सोडून एका दुपारी दिला असता. डाउनच्या पार्कात प्रत्येक कप्पा वेगळा भरलेला असतो. एक शिवण उसवली की चार-पाच कप्प्यांची तोंडं उघडतात. कारागिराला पंखे बंद करून, खिडक्या लावून, नाका-तोंडाला फडकं बांधून बसावं लागतं. जराशी झुळूक आली तरी पिसं खोलीभर होतात. मग काखेत तुकडा घालायचा, पिसं तोलून पुन्हा भरायची, कप्पे बंद करायचे. एका पार्काला तीन दिवस जातात, आणि ते तीन दिवस आम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या पार्कातून काढलेले असतात. म्हणून माप फोनवर पक्कं करत नाही. ग्राहक रागावतात, पण हा नियम आम्ही सोडणार नाही.

आवळणारा पार्का नुसता गैरसोयीचा असता तर एवढं लिहिलं नसतं. तो थंड असतो. ऊब पिसांत नसते, पिसांनी अडवून धरलेल्या हवेत असते. ८०० फिल पॉवरचं डाउन म्हणजे एक औंस, साधारण २८ ग्रॅम पिसं फुलून ८०० घनइंच, म्हणजे जवळपास १३ लिटर जागा व्यापतात. हा आकडा मोकळ्या पिसांचा आहे. तुमचा खांदा आणि पार्काचं बाहेरचं कापड यांच्यात चिमटलेल्या पिसांना तो लागू होत नाही. तंग पार्का सगळ्यात आधी खांद्यावर, कोपरावर आणि पाठीच्या वरच्या भागात दबतो, आणि गारठा तिथूनच शिरतो. भारी डाउन घेऊन एक माप लहान घेण्यापेक्षा जरा साधं डाउन योग्य मापात घ्या, असं आम्ही स्वतःचं नुकसान करून सांगतो.

ढगळ कपड्यांचं महत्त्व आम्ही शोधलेलं नाही. नॉर्वेचा ध्रुवशोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात 'ग्योआ' जहाज घेऊन कॅनडाच्या उत्तरेला किंग विल्यम बेटावर राहिला. तिथल्या नेत्सिलिक इन्युइट लोकांकडून तो कॅरिबू हरणाच्या कातड्याचे कपडे वापरायला शिकला. आतला कपडा केस अंगाकडे करून, बाहेरचा केस बाहेर ठेवून, आणि दोन्ही सैल, म्हणजे आत हवा खेळती राहते आणि घाम साचत नाही. पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी त्याने याच घाटाचे कपडे सोबत घेतले.

"हा उणे किती डिग्रीपर्यंत चालेल?"

रोज विचारला जाणारा प्रश्न. आम्ही उलट विचारतो: "तुम्ही किती वेळ थांबून राहणार?" स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढताना किंवा चढ चढताना हीच ५०० वॅटच्या वर जाते. ज्या कपड्यात चालताना घाम फुटतो, त्याच कपड्यात दहा मिनिटं थांबलं की दात वाजतात. जाकिटावर छापलेला उणे अमुक हा आकडा बहुतेक वेळा बनवणाऱ्याचा स्वतःचा अंदाज असतो. आमच्या लेबलवर आम्ही तो छापत नाही. त्याऐवजी भरणीचं वजन आणि फिल पॉवर लिहितो, म्हणजे तुम्हाला दोन पार्का शेजारी ठेवून तुलना करता येते.

वाऱ्याचा हिशोबही धरा. हवा उणे ३० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे ४६ च्या आसपास जाते. अशा वेळी उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठू शकते. म्हणून डाउन कितीही जाड असलं तरी बाहेरचं कापड वारा अडवणारं हवं, आणि पुढच्या चेनीच्या आत झाकणपट्टी हवी. कापड ओठांना घट्ट लावून जोरात फुंका. फुंकर पलीकडे हाताला लागली तर वाराही आत येणार.

"पूर्ण वॉटरप्रूफ आहे का?" असंही विचारतात. उणे २५ च्या खाली पाऊस पडत नाही आणि बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो. तिथे पाणी येतं ते आतून, तुमच्या घामातून. वॉटरप्रूफ पडद्यावर ही वाफ आतल्या बाजूने गोठून बसते. किनाऱ्याजवळ, ओल्या बर्फात जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मग आमच्याशी बोला.

चाचणी

शीतगृहात पाच मिनिटं उभं राहून "मस्त आहे, काही थंडी वाजली नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. पाच मिनिटं कुठलंही जाकीट मस्तच असतं, कारण अंगाची ऊब तुम्ही बाहेरून घेऊनच आत गेलेले असता. खरी परीक्षा घाम आल्यानंतर सुरू होते.

१९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात एडवर्ड विल्सन, हेन्री बावर्स आणि ॲप्स्ली चेरी-गॅरार्ड हे ब्रिटिश मोहिमेतले तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. वाटेत पारा उणे ६० च्याही खाली गेला. एका सकाळी चेरी-गॅरार्ड तंबूबाहेर आला, मान वर करून आजूबाजूला पाहिलं, आणि मान खाली येईना. तंबूत दमट झालेले कपडे पंधराएक सेकंदांत गोठून कडक झाले होते. पुढचे चार तास त्याने तशाच ताठ मानेने स्लेज ओढली. त्यानंतर तिघेही बाहेर येताच, कपडे कडक व्हायच्या आत, ओढायच्या पवित्र्यात वाकून उभे राहू लागले. कापडं बदलली, पण घामाची वाफ आजही तशीच बाहेर निघते, थरांमध्ये जिथे शून्याची जागा येते तिथे गोठते, आणि कडाक्याच्या थंडीत ती जागा बहुधा भरणीच्या आतच असते.

म्हणून चाचणी अशी करा. आतला प्रत्येक थर आणि पार्का स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगवेगळा तोला आणि वजनं लिहून ठेवा. चालायचे सगळे थर घालून, पाठीवर पिशवी घेऊन, पाठ ओली होईपर्यंत जिने चढा. मग लगेच थंड जागेत या, वरून पार्का चढवा आणि अर्धा तास नुसते उभे राहा. शीतगृह असेल तर आधी परवानगी घ्या, दार आतून उघडतं का ते बघा आणि कुणाला तरी सोबत ठेवा, एकट्याने जाऊ नका. बाहेर आल्यावर गरम खोलीत रेंगाळू नका. लगेच सगळं उतरवून पुन्हा तोला. पार्काचं वजन १०० ग्रॅम वाढलं असेल तर १०० मिलीलिटर पाणी आत जाऊन बसलं आहे. मोहिमेवर ते वाळवायला ऊन नाही, शेगडी नाही. दुसऱ्या दिवशी त्यात आणखी भर पडते. वजन फार वाढलं तर दोष पार्काचा नसतो. चालताना तुम्ही जास्त थर घातलेले असतात, त्यातला एक कमी करून पुन्हा जिने चढा. बरेच दिवस वाळवायची सोयच नसेल, तर सगळ्यात बाहेरच्या थराला सिंथेटिक भरण घ्या, असा आमचा सल्ला आहे. ते जड असतं, पण ओल धरल्यावर डाउनसारखं गोळा होऊन बसत नाही.

शीतगृह मिळालं नाही तरी घरचा फ्रीझर आहेच. तिथे उणे १८ असतं. पार्का पिशवीत दाबून, टोपडं आणि चेन वरच्या बाजूला ठेवून, रात्रभर आत ठेवा. चेनीवर आधी थोडं पाणी शिंपडा, कारण मोहिमेवर तुमचा श्वास नेमका तिथेच गोठणार आहे. सकाळी बाहेर काढल्या काढल्या, हातात पातळ हातमोजा आणि त्यावर मिटन (चार बोटं एकत्र राहणारा जाड हातमोजा) घालून, चेन खालून वरपर्यंत लावा. टोपड्याची दोरी ओढा, व्हेल्क्रो उघडा, आतल्या खिशातून बाटली काढा. मग हेच सगळं डोळे मिटून करा. एका ग्राहकाने हे आमच्यासमोर केलं आणि चेनीचा बारीक धातूचा खटका त्याला मिटनच्या चिमटीत सापडेचना. शेवटी त्याने नकळत मिटन काढायला दात लावला. तिथे तेच केलं असतं तर उघडी बोटं गोठलेल्या धातूला लागली असती. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक चेनीला चार बोटं लांब दोरीचा फास बांधून देतो. कुठूनही घेतलेलं जाकीट आणा, त्यालाही बांधून देऊ.

उरलेलं थोडक्यात. दोन्ही हात डोक्यावर न्या. खालची कड हार्नेसच्या वर सरकली किंवा मनगट उघडं पडलं तर पार्का आखूड आहे. उकिडवे बसून बुटाची नाडी बांधा. माकडटोपी, गॉगल आणि हेल्मेट घालून टोपडं ओढा आणि मान डावीकडे फिरवा. टोपडं तिथेच राहून डोळ्यांसमोर नुसतं अस्तर आलं तर ते चालणार नाही. टोपड्याच्या कडेला तार आणि केसाळ पट्टी असते, ती दिखाऊ नाही. चेहऱ्यापुढे बोगदा तयार होतो, त्यात हवा स्थिर राहते आणि केसांवर गोठलेलं दव झटकता येतं. आणि बाहेरच्या पँटला शौचाला बसायची सोय आहे का, ती हार्नेस न सोडता आणि मिटन न काढता वापरता येते का, हे घरीच करून बघा. लाजून हा भाग टाळणारे पुढे फार हाल काढतात.

आमच्याकडे येताना

निघायच्या किमान सहा आठवडे आधी या. थर्मल, फ्लीस, मधलं जाकीट, कवच, हार्नेस, दोन्ही प्रकारचे हातमोजे, गॉगल आणि हेल्मेट सोबत आणा. एखादी वस्तू अजून घ्यायची असेल तर तेवढ्यापुरती आमच्याकडची घालायला देतो. विकत घ्या असा आग्रह नसतो, पण त्यातलं काही आवडलं तर मापात आहे का ते सांगू. घालून बघायला पाऊण तास लागतो. त्या वेळात आम्ही दुसरं गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून वेळ ठरवून या.

नवा पार्का लेबल न काढता घरी न्या, फ्रीझरची चाचणी करा, हात वर करून बघा. तोवर माप बदलून देतो. लेबल काढून जिन्यांची चाचणी केल्यावर बदलून देता येत नाही, कारण घाम लागलेला कपडा दुसऱ्या कुणाला देणं आम्हाला पटत नाही. मात्र तोलून लिहिलेली वजनं आमच्याकडे जरूर पाठवा. कुठला थर कमी करायचा ते त्या आकड्यांवरून सांगता येतं.